धावत्या पोरांचे फोटो: पहिला कॅमेरा घेण्याआधी

शाळेचं स्नेहसंमेलन होतं. भाची पहिल्या रांगेत लेझीम खेळत होती आणि मी प्रेक्षकांतून पन्नासपट झूमचा नवाकोरा कॅमेरा रोखून बसलो होतो. दुकानदार म्हणाला होता, "साहेब, याच्यात चंद्रावरचे खड्डे दिसतात." दिसतात, खोटं नाही. पण घरी येऊन फोटो पाहिले तर लेझमीच्या जागी हवेत चंदेरी फराटे आणि भाचीच्या चेहऱ्याच्या जागी गुलाबी डाग. सगळ्या संमेलनातला एकच फोटो धड आला होता, प्रमुख पाहुण्यांना शाल-श्रीफळ देतानाचा. पाहुणे हलत नव्हते ना!

चंद्रावर ऊन पडलेलं असतं आणि तो जागचा पळत नाही. शाळेच्या हॉलमध्ये उजेडाची बोंब असते आणि पोरं एका जागी ठरत नाहीत. हे लक्षात यायला मला एक अख्खा कॅमेरा विकावा लागला, तोही निम्म्या किमतीत. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे लिहितोय. घरातले सण, वाढदिवस आणि पोरांचे खेळ टिपायला ज्यांना पहिलाच खरा कॅमेरा घ्यायचाय त्यांच्यासाठी. पक्षी, लग्नाचं काम, व्हीलॉगिंग हे विषय वेगळे.

आधी फोन उघडा

दुकानाची पायरी चढण्याआधी फोनमधले गेल्या वर्षभरातले फसलेले फोटो काढा. चांगले नकोत, फसलेलेच. प्रत्येक फोटोवर बोट वर सरकवलं की तपशील दिसतात: किती वाजता काढला, शटर किती (उजेड आत घ्यायला कॅमेरा किती वेळ उघडा राहिला), आयएसओ किती (मिळालेला उजेड कॅमेऱ्याने किती वाढवून घेतला). माझ्याकडचे बहुतेक फसलेले फोटो १/३० ते १/६० या शटरवरचे होते, म्हणजे सेकंदाचा तिसावा ते साठावा भाग. तेवढ्या वेळात पोरगं कुठल्या कुठे जातं.

हिशेब करून बघा. दहा-बारा वर्षांचा मुलगा धावताना सेकंदाला साधारण पाच मीटर कापतो. १/६० सेकंदात तो आठ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो, म्हणजे नाक कानाशी पोचलं. १/५०० ला एकच सेंटिमीटर आणि १/१००० ला अर्धा. म्हणून साधा नियम: गप्पा मारणारी माणसं १/१२५, घरात बागडणारं मूल १/२५०, कबड्डी, खो-खो, क्रिकेट १/५०० पासून पुढे, आणि मल्लखांबावरची उडी किंवा चेंडू-बॅटची गाठ हवी असेल तर १/१०००.

आता एक प्रयोग, ज्याला खर्च शून्य. फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोड (शटर-आयएसओ हाताने ठरवायची सोय) असेल तर तो लावा, आयफोनवाल्यांनी तशी सोय देणारं एखादं ॲप घ्या. मुलाच्या सरावाच्या हॉलमध्ये जा, शटर १/५०० वर बांधा आणि फोटो नीट उजळ येईपर्यंत आयएसओ वाढवत न्या. बहुतेक फोनांच्या मुख्य लेन्सचं छिद्र एफ १.८ च्या आसपास असतं (एफचा आकडा जितका लहान, छिद्र तितकं मोठं), त्यामुळे फोन आता उजेड मोजायचं यंत्र झाला. समजा १६०० आयएसओला फोटो उजळ आला, तर कॅमेऱ्यावरच्या एफ १.८ लेन्सलाही तिथे साधारण तेवढंच आयएसओ लागेल. फोनचा तो फोटो दाणेदार दिसेल, कारण त्याचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी पट्टी, चिमुकला असतो. मोठ्या सेन्सरवर १६०० म्हणजे किरकोळ बाब.

मात्र कॅमेऱ्यासोबत डब्यात जी लेन्स येते ती झूम केल्यावर एफ ५.६ किंवा ६.३ पर्यंत आकसते. एफ १.८ च्या तुलनेत एफ ५.६ ला उजेड सुमारे दहावा हिस्सा मिळतो. म्हणजे त्याच हॉलमध्ये तुम्हाला १६,००० आयएसओ लागलं! झूम केलं की उजेड असा आटतो, संमेलनाच्या फोटोंचं भूत झालं ते त्यामुळेच.

फोनवर आलेला आयएसओचा आकडा वहीत लिहून ठेवा. शेजारी लिहा, तुम्ही पोरापासून किती मीटरवर असता. एवढ्या दोन नोंदींवर अर्धी खरेदी ठरते.

सेन्सर, आणि मेगापिक्सेलचं खूळ

२४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० ठिपक्यांचा असतो. बारा बाय अठरा इंचाची भिंतीवर लावायची प्रिंट ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) काढली तरी १९-२० मेगापिक्सेल पुरतात, आणि ए-फोरला नऊदेखील लागत नाहीत. वीस ते चोवीसच्या पुढचे आकडे आपल्यासारख्यांसाठी डिस्क भरायचे.

सेन्सरचा आकार मात्र पाहा. फुल फ्रेम म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटर. त्याखालचा एपीएस-सी साधारण साडेतेवीस बाय साडेपंधराचा (कॅननचा किंचित लहान). मायक्रो फोर थर्ड्‌स त्याहून छोटा. त्या पन्नासपट झूमवाल्या कॅमेऱ्यांत बहुधा नखाएवढा सेन्सर असतो, एवढा लांब झूम एवढ्या लहान आकारात एरवी बसलाच नसता. घर आणि खेळ दोन्हीसाठी माझं मत सरळ एपीएस-सीला आहे. फुल फ्रेम अंधारात अजून चांगला चालतो यात वाद नाही, पण त्याच्या लांब लेन्सांची किंमत आणि वजन पाहिलं की हौस फिटते.

पैसे लेन्सवर घाला

जवळ शंभर रुपये असतील तर नवखा माणूस पंच्याण्णव बॉडीवर (लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्यावर) घालतो आणि पाच बॅगेवर. मी म्हणेन, बॉडी आणि तिची डब्यातली लेन्स साठ-पासष्टमध्ये बसवा. उरलेल्यांतून एक उजेडी लेन्स घ्याच. एफ १.८ किंवा एफ २ ची, झूम नसलेली, ५० किंवा ४० मिलिमीटरची (हा आकडा जितका मोठा, तितकं दृश्य जवळ आणि चौकट अरुंद). कॅननची आरएफ ५० एफ १.८, निकॉनची झेड ४० एफ २ आणि सोनीची एपीएस-सीसाठीची ५० एफ १.८ या त्यातल्या खिशाला झेपणाऱ्या.

पन्नासची लेन्स नेमकं किती दाखवते? एपीएस-सीवर आठ मीटरवरून पावणेचार मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच चौकट मिळते. पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटरचं, शाळकरी मुलांचं त्याहून लहान. बाजूला जमिनीवर मांडी घालून बसलात तर चढाई करणारा आणि त्याच्यावर झेपावणारे दोघे-तिघे त्या चौकटीत अलगद बसतात. मी मुलाचे सामने याच एका लेन्सवर काढतो. उभा राहून नाही, बसून. कबड्डीतले चेहरे जमिनीकडे झुकलेले असतात, उभ्याने काढाल तर नुसत्या माना आणि पाठी मिळतील. बोनस रेषेच्या जरा पुढे, पंचांच्या वाटेत न येता जागा धरा. चढाई तीस सेकंदांची असते आणि पहिली पंधरा-वीस सेकंदं बहुतेक वेळा नुसती चाचपणी चालते. बोट तयार ठेवा, पण दाबत सुटू नका.

हीच पन्नास आमच्या वन बीएचकेच्या हॉलमध्ये मात्र अडचणीची होते. तीन मीटरवरून जेमतेम एक मीटर चाळीस सेंटिमीटर दिसतं. सोफ्यावर आजी-आजोबा मावतात, मागे उभे राहिलेले बाहेर जातात. तिथे डब्यातली लेन्सच उपयोगाची. १८ वर फिरवली की तेवढ्याच अंतरावरून जवळपास चार मीटर रुंदी मिळते. गणपतीच्या आरतीला समया आणि एक पिवळा दिवा एवढाच उजेड असतो, पण माणसं उभी असतात, म्हणून १/६० ला भागतं. घरात फ्लॅश वापरायचाच तर पांढऱ्या छताकडे वळवता येणारा घ्या. समोरून मारलेला फ्लॅश आजीच्या चष्म्यात आणि मूर्तीच्या मुकुटात चमकतो. खेळाडूंच्या डोळ्यांवर तर तो मारूच नये.

क्रिकेटचं गणित वेगळं. साठ मीटरवरच्या सीमारेषेवरून २०० मिलिमीटरच्या लेन्सने पाहिलं तर चौकटीची उंची पावणेपाच मीटरच्या आसपास भरते. सव्वा मीटर उंचीचा बॅट्समन तिच्या पावभर भागात उभा. फोटो कापून मोठा करावा लागणार. सुदैवाने क्रिकेट उन्हात चालतं, तिथे एफ ६.३ किंवा ७.१ ची स्वस्त लांब झूमही १/१००० सहज देते. निकॉनची ५०-२५० किंवा कॅननची ५५-२१० यासाठीच आहे. पण ती पहिल्याच दिवशी घेऊ नका. तीन-चार सामने डब्यातल्या लेन्सने काढा, मग ठरवा. शाळेच्या मैदानावर पोरांच्या किती जवळ जाता येतं हे पाहून मी स्वतः ती खरेदी वर्षभर पुढे ढकलली.

आणि एक गैरसमज. लेन्समधलं किंवा बॉडीतलं स्थिरीकरण तुमचा थरथरणारा हात सावरतं, पळणारं पोर नाही. आरतीला त्याचा फायदा आहे, कबड्डीला शून्य.

बॉडीत काय बघायचं

पहिलं, फोकस. हल्लीचे मिररलेस (आत आरसा नसलेले) कॅमेरे माणसाचा डोळा ओळखतात आणि तो चौकटीत कुठेही गेला तरी पाठ सोडत नाहीत. खेळाच्या फोटोंसाठी गेल्या दहा वर्षांतली माझ्या मते ही सगळ्यात मोठी सोय. दुसरं, डोळा लावून बघायचा व्ह्यूफाइंडर. उन्हात मागचा पडदा धड दिसत नाही आणि कॅमेरा हात लांब करून धरला की पळणाऱ्याचा माग सुटतो. व्हीलॉगसाठी काढलेल्या स्वस्त बॉड्यांत, उदाहरणार्थ सोनीची झेडव्ही-ई१० किंवा निकॉनची झेड३०, हा नसतो. बाकी त्या चांगल्या आहेत, आपल्या कामाच्या नाहीत.

तिसरं, सेकंदाला किती फोटो. आठ-दहा पुष्कळ झाले. त्याहून जास्त घेतलेत तर रात्री बसून निवडणार कोण? बायको नक्कीच नाही. पण हेही पाहा की तो वेग किती वेळ टिकतो. लहान बॉड्यांची आतली साठवण चिमुकली असते, रॉ फाइल (न आवळलेली मोठी फाइल) लावली की सेकंदभरातच दम लागतो. सुरुवातीला जेपीईजीवर, म्हणजे नेहमीच्या छोट्या फाइलवर, राहा.

नावं विचारलीत तर नव्यात माझी यादी तिघांची. कॅनन आर५० (२०२३): बॅटरीसकट पावणेचारशे ग्रॅम, सेकंदाला १२ फोटो, डोळ्याचा फोकस चोख. घरात कॅमेरा तिघे-चौघे हाताळणार असतील तर हाच. निकॉन झेड५० टू (२०२४): वजन साडेपाचशेच्या घरात, पण पकड भरभक्कम आणि बटणं जागच्या जागी. मोठ्या हाताच्या माणसाला आवडेल. सोनी ए६४०० (२०१९): वय झालंय, मेनू म्हणजे चक्रव्यूह, तरी फोकस अजून तगडा. शिवाय सोनीच्या माउंटसाठी (लेन्स बसवायच्या तोंडासाठी) सिग्मा, टॅमरॉन अशा बाहेरच्या कंपन्यांच्या लेन्सांचा पसारा सगळ्यात जुना आणि मोठा. तिघांतही बॉडीत स्थिरीकरण नाही. ते हवंच असेल तर कॅनन आर७, सोनी ए६७०० किंवा फुजी एक्स-एस२० कडे जावं लागतं आणि खिशाला चांगलीच कात्री लागते. किमती इथे देत नाही, दसरा-दिवाळीला त्या अशा हलतात की लिहिलेलं शिळं होतं.

जुना घ्यायचा असेल तर

कॅनन आणि निकॉनने २०२० नंतर नवा डीएसएलआर (आत आरसा असलेला जुन्या घडणीचा कॅमेरा) काढलेला नाही, त्यामुळे जुन्या बाजारात ते ढिगाने येतात. आरशातून दिसणारं चित्र, दमदार बॅटरी, स्वस्त लेन्सा. कमी पैशांत खेळ टिपायचा तर निकॉन डी७५०० सारखी बॉडी (५१ फोकस बिंदू, म्हणजे चौकटीत फोकस धरायच्या जागा, आणि सेकंदाला ८ फोटो) आजही काम करते. कॅनन १५००डी मात्र खेळासाठी घेऊ नका. सेकंदाला तीनच फोटो आणि नऊ फोकस बिंदू. कॅमेरा वाईट नाही, बारशाला आणि सहलीला झकास, पण चढाईत हात लागण्याचा क्षण त्या तीन फोटोंच्या मधल्या फटीतून निसटतो.

निकॉनमध्ये नवखे हमखास पडतात असा एक खड्डा आहे. डी३५००, डी५६०० अशा छोट्या बॉड्यांत फोकस फिरवणारी मोटर नसते. त्यांवर जुनी ५० एफ १.८ डी लेन्स लावली तर फोटो निघतो, पण फोकस हाताने करत बसावं लागतं. स्वस्तात मिळते म्हणून ती घेतली जाते आणि मग डोक्याला हात. नावात 'जी' असलेली ५० किंवा ३५ एफ १.८ घ्या.

जुना कॅमेरा पाहताना शटर किती वेळा उडालंय ते विचारा. निकॉनच्या फोटो फाइलमध्येच हा आकडा दडलेला असतो, इंटरनेटवरच्या फुकट साधनांनी वाचता येतो. लेन्सच्या एका बाजूने मोबाइलचा टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूने आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले की लेन्स गोड बोलून परत द्या. ती बुरशी आहे. मुंबई-कोकणातून आलेल्या मालाला तर हा टॉर्च लावल्याशिवाय पैसे काढू नका.

दुकानात

मुंबईत फोर्टला बोरा बाजारात किंवा तुमच्या गावच्या खात्रीच्या दुकानात प्रत्यक्ष जा. ऑनलाइन स्वस्त पडत असेल तरी एकदा हातात धरल्याशिवाय ठरवू नका. जाताना आपलं कार्ड न्या.

कॅमेऱ्याला डब्यातली लेन्स लावा. फोकस सलग चालणाऱ्या मोडवर ठेवा, कॅननमध्ये त्याला सर्व्हो म्हणतात आणि निकॉन-सोनीत एएफ-सी. डोळा ओळखण्याची सोय चालू करा. शटर १/५००, आयएसओ ऑटो. आता दुकानातल्या मुलाला दारापासून तुमच्याकडे झपाझप चालत यायला सांगा आणि बटण दाबून धरा. तो बिचारा लाजेल, मालक हसेल, हसू द्या. मग फोटो मोठे करून डोळे बघा. दहातले सात-आठ डोळे नीट रेखीव आले तर बॉडी पास. त्याच वेळी कळतं की सलग फोटो किती सेकंदांनी रखडतात.

दुकानात एलईडी आणि ट्यूबलाइट असतात, त्यांचाही उपयोग करून घ्या. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून कित्येक दिवे सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतात. डोळ्याला कळत नाही, १/५०० च्या शटरला कळतं. कॅमेरा मूक इलेक्ट्रॉनिक शटरवर टाकून दोन-चार फोटो काढा. आडवे काळपट पट्टे दिसतील किंवा वेगाने फिरवलेली पट्टी वाकडी दिसेल. म्हणून हॉलमध्ये खेळ काढताना साधं यांत्रिक शटरच वापरायचं आणि मेनूत अँटी-फ्लिकर असेल तर ते चालू ठेवायचं.

बिल पक्कं घ्या आणि वॉरंटी भारतातली आहे का ते त्यावर वाचा. परदेशातून आलेला माल स्वस्त मिळतो, पण बिघडल्यावर कोणी दारात उभं करत नाही.

कार्ड, बॅटरी, पावसाळा

कार्ड व्ही३० (लिहिण्याचा वेग सांगणारी) खूण असलेलं, ६४ जीबीची दोन. एकच १२८ चं नको, सामन्याच्या मध्यात रुसलं तर? जास्तीची एक बॅटरी. बॅग कसलीही.

पावसाळ्याचं मात्र मनावर घ्या. जून ते सप्टेंबर कॅमेरा कपाटातल्या कापडी बॅगेत ठेवलात तर बुरशीला आमंत्रण. झाकण घट्ट बसणारा मोठा प्लास्टिकचा डबा आणि रंग बदलणारे सिलिका जेलचे दाणे, एवढं पुरतं. निळे गुलाबी झाले, किंवा नारिंगी हिरवे झाले, की कढईत मंद आचेवर परतून कोरडे करा. कढई खाण्याची नको, जुनी ठेवा. डब्यात दोनशे-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक टाका आणि काटा ४० ते ५० टक्क्यांत राहील असं बघा. कॅमेरा आठवड्यातून एकदा बाहेर काढून वापरलात तर सगळ्यात उत्तम. दहीहंडीला नेणार असाल तर वर पाण्याचे फवारे उडतात हे विसरू नका. आम्ही हॉटेलातल्या शॉवर कॅपला लेन्सपुरतं भोक पाडून नेतो.

पहिला आठवडा

ऑटोवर ठेवू नका. ऑटोला कळत नाही की समोर कबड्डी चाललीय, तो १/६० देऊन मोकळा होतो. वरची चकती एसवर फिरवा, म्हणजे शटर तुम्ही सांगायचं आणि बाकीचं कॅमेऱ्याने बघायचं. कॅननवर त्याच जागी 'टीव्ही' लिहिलेलं असतं, दूरदर्शनशी त्याचा संबंध नाही. शटर १/५००. आयएसओ ऑटो, वरची मर्यादा ६४००, हॉल फारच काळोखी असेल तर १२,८००. दाणे आले तर येऊ देत. दाणेदार फोटो आजीला चालतो, हललेला चालत नाही.

मग संध्याकाळी सोसायटीच्या आवारात खाली उतरा. पोरं सायकली फिरवत असतात. त्यातली एक समोरून येणारी धरा आणि बटण दाबा. दुसऱ्या दिवशी तीच जागा, पण सायकल आडवी जाणारी. आडवं जाणारं काढताना कॅमेरा तिच्याबरोबर वळवायचा, बटण दाबल्यावरही वळवत राहायचं. पहिल्या दिवशी माझ्या साठ फोटोंतले पाच जमले होते. चौथ्या दिवशी वीस. पोरांच्या आई-बाबांकडून परवानगी आधी घ्या, आणि जमलेले फोटो त्यांना पाठवून द्या. आमच्या बिल्डिंगीत आता सायकल घेतली की पोरं आधी माझ्या खिडकीखाली येऊन "मामा, कॅमेरा!" अशी हाक मारतात.